डोंगराचा बहार

पांढुर्णा जिल्ह्याचे गाव झाल्यापासून इथे काय वाढले, असे कोणी विचारले तर मी सांगतो, मंच वाढले. पूर्वी वर्षातून दोन-तीनदा मंडप पडायचा. आता मंडपवाल्याला बांबू उपटायला सवड मिळत नाही. तहसीलदाराच्या टेबलावर एका अर्जात होणाऱ्या कामाला आता फीत, दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि बुके लागतो. साहेब मोठे आले म्हणून कात्रीही मोठी आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला खड्डा मात्र तहसिलीच्या काळात होता तेवढाच आहे. त्याला बढती मिळाली नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले. निवृत्त प्राध्यापक ही मंचाला लागणाऱ्या सामानातली एक वस्तू आहे. समई, हार, माइक आणि एक पांढऱ्या केसांचा माणूस. समईला निदान कोणी तरी तेल घालते. मला बोलावणे आले की मी जातो, कारण घरी बसून पेपर वाचण्यापेक्षा पेपरात उद्या काय छापून येणार ते आधी पाहिलेले बरे.

तर मागच्या हिवाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती सौंसरच्या बाजूच्या एका कॉलेजात शिकवते. आमच्या हिंदीभाषक राज्यात अशा तात्पुरत्या मास्तरांना ‘अतिथी विद्वान’ म्हणतात. एवढा सुंदर शब्द एवढ्या वाईट नोकरीला क्वचितच मिळाला असेल. अतिथी म्हणजे ज्याला कधीही निरोप देता येतो असा, आणि विद्वान म्हणजे ज्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही असा. तिची नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि शिफारशीवर कॉलेजच्या समितीचे अध्यक्ष सही करतात.

ती लोधीखेड्याची. तिचे वडील काळ्या दगडाच्या, म्हणजे मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते. दगड संपला तशी खाण बंद झाली आणि तिथे पाण्याने भरलेला एक मोठा खड्डा राहिला. घर तिच्याच पगारावर चालते. हे तिने मला त्या दिवशी सांगितले नाही, मला आधीपासून माहीत होते.

“सर, मले एक देश बनवून द्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“कार्यक्रम आहे. पोरांचं मंत्रिमंडळ. त्याइले एक काल्पनिक देश द्यायचा, त्यात खूप खनिज आहे, आणि पाच वर्षं चालवायला सांगायचं. जो गट देश नीट चालवीन तो पयला.”

“कल्पना कोणाची?”

“माझीच आहे. पण प्राचार्यांनी भैयाजीले मुख्य अतिथी बोलावलं. आता ती त्यांचीच झाली.”

भैयाजी म्हणजे तेच समितीचे अध्यक्ष. सगळे त्यांना भैयाजी म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेही. त्यांचा धंदा संत्र्याचा. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा बहुतेक उक्ताच विकला जातो. बहार धरून झाडावर फळ दिसू लागले की व्यापारी येतो, हात मागे बांधून ओळींमधून फिरतो, एखादी फांदी हलवतो, तोंड वाकडे करतो, आणि सगळ्या बगीच्याचा एकच भाव सांगतो. पटले की आगाऊ रक्कम, म्हणजे इसार देतो. तिथून तोडणीपर्यंत झाडावरचे फळ त्याचे. गारा पडल्या तर नुकसान त्याचे, भाव चढला तर नफाही त्याचा. सौंसर ते पांढुर्णा या पट्ट्यात असा एखादाच बगीचा असेल ज्यात भैयाजी हात मागे बांधून फिरले नाहीत.

मी देश बनवून दिला. त्याला नाव दिले नाही, कारण कोणतेही नाव दिले तरी ते कोणाच्या तरी भावनेला लागतेच. ‘देश क’ एवढेच लिहिले. मध्ये एक काळा डोंगर, ज्याच्या दगडासाठी सारे जग रांगेत उभे आहे. भोवती गरीब शेतकरी, एक नदी, एक राजधानी. दर वर्षी एक चिठ्ठी उघडायची आणि तिच्यातल्या प्रश्नाला मंत्रिमंडळाने उत्तर द्यायचे. पहिल्या चिठ्ठीत परदेशी कंपनी डोंगर मागायला येते. डोंगराचे पाच थर. कंपनीला जेवढे विकाल तेवढे थर टेबलावरून उचलायचे. पाचव्या वर्षी टेबलावर आणि लोकांच्या घरात काय उरले ते पाहून निकाल.

असे देश मी वर्गात तीस-पस्तीस वर्षे शिकवले होते. भिंतीवर जगाचा नकाशा टांगायचा आणि छडीने दाखवायचे: हा देश बघा, जमिनीखाली संपत्ती आणि जमिनीवर उपाशी माणसे. छडी नेहमी समुद्रापलीकडे पडायची. कॉलेजात जाताना माझी बस ज्या काळ्या ढिगाऱ्यांच्या बाजूने जायची, तिकडे मी कधी छडी नेली नाही. अभ्यासक्रमात ते नव्हते, आणि मी अभ्यासक्रमाच्या बाहेर फक्त चहा प्यायला जायचो.

जाताना ती दारात थांबली. “सर, तुम्ही परीक्षक आहात. एक विनंती आहे. मंचावर तुम्ही तुमच्या पद्धतीनं बोलू नका. माझ्या शिफारशीचा कागद भैयाजीच्या सहीसाठी पडून आहे. अजून सही झाली नाही.”

“माझी पद्धत म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही हसत नाही आणि लोकं हसतात, ती.”

मी कबूल झालो.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या बसने सौंसरला उतरलो. कॉलेजच्या फाटकावर भैयाजींचा माणसापेक्षा मोठा फोटो होता आणि त्याखाली ‘संसाधन से समृद्धि’ असे लिहिले होते. आमच्याकडे मंचावर हिंदी बोलतात आणि मंचाखाली मराठी. पायऱ्या चढताना माणूस मराठी असतो, तो वर पोचेपर्यंत ‘गरिमामयी उपस्थिति’ झालेला असतो. दीड तास सत्कार चालले. ज्यांनी भैयाजींना हार घातला त्यांचा भैयाजींनी सत्कार केला, आणि हार आणणाऱ्याचा प्राचार्यांनी. मलाही शाल आणि नारळ मिळाला. मी अजून काहीच केले नव्हते. पण आमच्याकडे शाल कामाच्या आधीच घालतात, म्हणजे पुढे माणूस काय करणार याची थोडी खात्री राहते.

टेबलावर थर्माकोलचा डोंगर होता. माझ्या विद्यार्थिनीने तो स्वतः कापून, काळा रंग देऊन, थरावर थर रचून केला होता. बोटांना अजून रंग होता.

पहिल्या गटाने देश चालवला तो असा. डोंगराचे काय करायचे यावर त्यांनी समिती नेमली. दुसऱ्या वर्षी समितीला मुदतवाढ दिली. तिसऱ्या वर्षी समितीच्या अध्यक्षाच्या गाडीवरून भांडण झाले. चौथ्या वर्षी उपसमिती नेमली. पाचव्या वर्षी देश जसा होता तसाच होता, गरीब आणि कंटाळलेला, पण डोंगराचे पाचही थर जागेवर होते. सभागृह जांभया देत होते.

मग दुसरा गट आला. इथे प्राचार्यांना एक कल्पना सुचली. प्राचार्यांना कल्पना सुचतात त्या नेहमी वरच्या दिशेने जातात. ते माइकवर म्हणाले, परदेशी कंपनीची भूमिका स्वतः भैयाजींनी करावी, तो मुलांचा सन्मान होईल. टाळ्या झाल्या. भैयाजी नको नको म्हणत उठले.

ते टेबलाजवळ आले आणि त्यांचे हात आपोआप मागे गेले. त्यांनी डोंगराला एक फेरी मारली. वाकून बघितले. एक थर बोटाने दाबला. तोंड वाकडे केले.

“माल पातळ दिसून राहिला यंदा,” भैयाजी म्हणाले.

हिंदी गेली. परदेशही गेला. समोर बसलेल्या पन्नासेक पोरांच्या पाठी एकदम ताठ झाल्या, कारण हे वाक्य त्यांनी आपापल्या बगीच्यात, आपापल्या बापाच्या शेजारी उभे राहून ऐकले होते.

त्या गटाची वित्तमंत्री सौंसरजवळच्या खेड्यातली एक मुलगी होती, दुसऱ्या वर्षाला. ती खुर्चीवरून उठली आणि भैयाजींसमोर जाऊन उभी राहिली.

“पातळ कायचा, भैयाजी? चारी बाजूनं फिरून पाहा ना. अंदरून तं अजून पाहालाच नाही.”

“अंदर काय आहे त्याची गॅरंटी कोण देईन?”

“गॅरंटी गिरंटी नाही. दिसते तसा घ्या. उक्ता.”

“किती?”

तिने भाव सांगितला. मंत्रिमंडळातला एक जण तिच्या कानाशी काही तरी पुटपुटला, तिने त्याला कोपराने मागे सारले.

“राखण तुमची,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “तोडणी तुमची. गाडी तुमची. गारा पडल्या तं आमच्याकडं यायचं नाही. आणि इसार आत्ताच.”

“गारा?” मागून कोणी तरी म्हणाले आणि सभागृह खदखदले. ती हसली नाही. तिचा बाप एका वर्षी गारांनंतर इसार परत मागायला आलेल्या व्यापाऱ्यासमोर हात जोडून उभा होता, हे मला नंतर कळले.

“मंजूर,” भैयाजी म्हणाले.

एवढ्या लवकर ‘मंजूर’ म्हणणारा व्यापारी तिने पाहिला नसावा. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली.

हा सौदा, हे मान्य केले पाहिजे, आमच्या भागातल्या रिवाजाप्रमाणे उत्तम होता. राखण, तोडणी, वाहतूक, नैसर्गिक आपत्ती, सगळी जोखीम घेणाऱ्यावर टाकलेली. तिच्या बापालाही एवढ्या अटी मान्य करून घेता आल्या नसत्या.

इसाराचे काय करायचे यावर मंत्रिमंडळाचे एका मिनिटात एकमत झाले. एक भव्य प्रवेशद्वार. देशाचा वर्धापनदिन. प्रत्येक घरी देशाच्या झेंड्याची पिशवी. आणि एक मंत्री उठून म्हणाला, “प्रशासन जनतेच्या दारी नेण्यासाठी आमी दोन नवे जिल्हे बनवून राहिलो.” या वाक्याला दिवसातली सगळ्यात मोठी टाळी पडली. पांढुर्ण्याहून आलेले पाहुणे उभे राहून वाजवत होते.

मग माझ्या विद्यार्थिनीने नियमाप्रमाणे विचारले, “किती थर विकले?”

“सगळा बगीचा,” वित्तमंत्री म्हणाली, आणि जीभ चावून म्हणाली, “सगळा डोंगर.”

भैयाजींनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने पाचही थर काखेत मारले आणि तो बाहेर घेऊन गेला, बहुधा जीपमध्ये. टेबलावर डोंगराखालचा गोल डाग उरला.

दुसरी चिठ्ठी उघडली: या वर्षी राज्याचे उत्पन्न कशातून?

वित्तमंत्री आत्मविश्वासाने उठली. “दुसरा बहार विकू.” मग तिने टेबलाकडे पाहिले. खाली पाहिले. दाराकडे पाहिले, जिथून ड्रायव्हर गेला होता.

“भैयाजी,” ती म्हणाली, “झाडं तं ठेवली ना तुमी?”

“बाप्पा, याच्यात झाडं कुठी होती, बेटा?” भैयाजी म्हणाले.

सभागृह हसले. इतके हसले की माइक शिट्टी वाजवू लागला. मी हसलो नाही, आणि या वेळी ती माझी पद्धत नव्हती. उक्ता विकला तरी बगीचा शेतकऱ्याचाच राहतो. व्यापारी फळ नेतो, झाड ठेवतो, पुढच्या वर्षी पुन्हा हात मागे बांधून येतो. त्या मुलीने आयुष्यात पाहिलेली प्रत्येक संपत्ती पुन्हा फुटणारी होती. डोंगराला बहार नसतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ते सांगायचा पगार मी पस्तीस वर्षे घेतला होता.

तिसरी आणि चौथी चिठ्ठी माझ्या विद्यार्थिनीने उघडलीच नाही, विचारण्यासारखे काही राहिले नव्हते. तिने पाचवी उघडली. ही एकच चिठ्ठी माझी नव्हती, डोंगर विकणाऱ्या गटासाठी तिने लिहिली होती. तिने ती हळू वाचली. “डोंगर संपला. कंपनी गेली. तिथं आता खड्डा आहे. खड्ड्याजवळ ज्यांची घरं आहेत त्यांनी तुमाले विचारलं, आता आमी काय करावं?”

मग दोन जिल्हे बनवणारा मंत्री उठला. “मॅडम, खड्ड्यात पाणी भरीन ना पावसाळ्यात?”

“हो. भरते.”

“मंग मासोळीचा ठेका देऊ. उक्ता.”

आता तर लोक बाकांवर हात आपटू लागले. माझी विद्यार्थिनी पाचव्या चिठ्ठीची घडी घालत उभी राहिली, एक घडी, दोन घड्या, इतकी बारीक की ती पुढे दुमडेना. भैयाजींनी माइक घेतला आणि परत वरच्या भाषेत गेले. “यही सोच चाहिए! हमारे बच्चे गड्ढे में भी अवसर देखते हैं!” प्राचार्यांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी सरकवली. तिच्यात लिहिले होते, दुसरा गट प्रथम, भैयाजींची इच्छा.

नियमाने पहिला गट जिंकला होता. काही न करून का होईना, त्यांचा डोंगर पाचव्या वर्षीही टेबलावर होता. गुणपत्रिका माझ्या हातात होती आणि पेन उघडे होते. मी माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, ती प्राचार्यांच्या खुर्चीजवळच्या फाइलकडे पाहत होती, ज्यात शिफारशीचा कागद होता. मला पेन्शन आहे. माझ्या खऱ्या बोलण्याचा खर्च तिच्या घरातून जाणार होता.

मी उठलो आणि दुसऱ्या गटाला प्रथम जाहीर केले. वर दोन वाक्ये बोललो, की अशी दूरदृष्टी मी अनेक देशांच्या इतिहासात वाचली होती, प्रत्यक्षात आज पाहिली. भैयाजींनी मान डोलावली. माझी पद्धत थोडी बाहेर पडलीच होती, पण तिथे ती ओळखणारी एकच व्यक्ती होती आणि तिने डोळे मिटले. भैयाजींनी तिथेच, फोटोवाल्याकडे तोंड करून, तिच्या कागदावर सही केली. शाल खांद्यावर फार गरम होत होती.

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. यादीत नाव आले होते. मी अभिनंदन म्हणालो. ती म्हणाली, “सर, गुरुवारी या. वर्गात. मंच नाही, हार नाही, चहा माझ्याकडून. डोंगर मी नवीन कापला.”

मी गेलो. तीच पोरे होती, दोन्ही गटांची मिळून वीसेक. टेबलावर काळा डोंगर. वित्तमंत्री पहिल्या बाकावर बसली होती आणि मी आत येताच तिने विचारले, नमस्काराच्या आधी.

“सर, आमचा देश तं बुडला होता. मॅडमनं काल सांगितलं. मंग तुमी आमाले पयला नंबर काऊन देल्ला?”

मी वर्गात कधी प्रश्नाला अडलो नव्हतो. अडलो की मी पाणी मागत असे. मी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला.

“सरांना विचारू नका,” माझी विद्यार्थिनी म्हणाली. “मले विचारा. माझी सही बाकी होती. सरांनी नंबर दिला, मले नोकरी भेटली.”

हे एखाद्याने बाहेर जाऊन सांगितले असते तर पुढच्या वर्षीच्या यादीचे काय झाले असते ते मला आणि तिला माहीत होते. मी दाराकडे पाहिले. ते उघडेच होते, तिने ते लावले नव्हते.

वित्तमंत्रीने विचारले, “किती दिवसाची भेटली?”

“एका वर्षाची.”

“म्हणजे एकच बहार,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती सौदा समजून घेत होती. मग ती म्हणाली, “बाबानं परवा बगीचा देल्ला. भैयाजीलेच. मी मधात बोलली, झाडं ठेवसान ना म्हटलं. बाबा म्हणे, पोट्टी शिकून येडी झाली.”

पोरे हसली. तीही हसली, मग उठून टेबलाजवळ आली.

“मॅडम, द्या पुन्हा. आमी पुन्हा खेळतो.”

“कंपनी कोण?”

“सरच होऊ द्या. त्याइचे हात तसेही मांगंच राहतात.”

मी पाहिले, खरेच माझे हात मागे होते. मी ते पुढे घेतले आणि डोंगराला फेरी मारली. माल पातळ आहे म्हणालो. वित्तमंत्रीने खुर्ची ओढली, डोंगराच्या अगदी जवळ बसली आणि मागे वळून म्हणाली, “पयले हे सांगा, हा संपते कधी?”

समितीवाला म्हणाला, हे कळायला समिती पाहिजे. दोन जिल्ह्यांवाला म्हणाला, एकच थर विकू. कोणी म्हणाले अर्धाच. कोणी म्हणाले, दगड कच्चा कायले विकता, भट्टी आपणच लावू. कोणी म्हणाले, भट्टीले पैसे कुठून आणशीन, तुह्या बापाच्या घरून? मी तीनदा इसार पुढे केला. तिसऱ्यांदा वित्तमंत्रीने माझा हात बाजूला केला, कोपराने, माझ्याकडे न पाहता. “थांबा ना सर. घाई काय आहे तुमाले?”

माझी चारची बस गेली. मग पाचची गेली. माझी विद्यार्थिनी खिडकीत बसून ऐकत होती, हातात उरलेल्या चार चिठ्ठ्या तशाच. पोरांचे भांडण टेबलावरून फळ्यावर गेले होते, आणि पहिले वर्ष अजून संपले नव्हते.